जावेच्या न्हाणीचा धूर

गांजाचा वास जळक्या सुंभासारखा येतो, असं आम्हां पालकांना ज्या साहेबांनी सांगितलं ते घाटावरचे असणार. समुद्राकाठच्या माणसाने ही खूण सांगितली नसती. आमच्याकडे न्हाणीतलं पाणी नारळाच्या सोडणांवर तापतं, गोठ्यातली चिलटं काथ्याच्या धुराने पळवतात, आणि संध्याकाळी वारा पडला की सगळी वाडी जळक्या सुंभाच्या वासात बसलेली असते. साहेबांची खूण खरी धरली तर आमचा अख्खा तालुका जन्मापासून नशेत होता.

मुलगा तालुक्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, त्या सालातली ही गोष्ट. किनाऱ्यावर तेव्हा पर्यटन नुकतंच रुजत होतं. खाडीपलीकडे सुरूच्या बनात पाऊस ओसरायला लागला की तंबू लागायचे, गोव्याकडची पोरं ते चालवायची, आणि त्यांच्याबरोबर काय काय येतं याच्या कथा एसटीच्या प्रत्येक फेरीबरोबर वाढत होत्या. कॉलेजच्या मागच्या बाजूला दोन मुलं धूर काढताना सापडली, अशी बोलवा उठली. आमच्या गावापर्यंत येईस्तोवर त्या दोघांचा वर्ग झाला होता. कॉलेजने मग पालक मेळावा घेतला.

व्यासपीठावर इतके मान्यवर होते, की पालकांच्या खुर्च्या वर न्याव्या लागल्या आणि मागचे पालक उभे राहिले. ऑक्टोबरच्या उकाड्यात प्रत्येक मान्यवराला शाल पांघरण्यात आली आणि प्रत्येकाने ती घामाघूम होऊन स्वीकारली. एकाने तंबाखूचा इतका कडाडून निषेध केला, की मध्ये दोनदा त्याला खिडकीपाशी जाऊन तोंड मोकळं करून यावं लागलं. शेवटी ते साहेब उठले. त्यांनी एका बाटलीत वाळका पाला आणला होता. पालकांना ओळख पटावी म्हणून बाटली रांगांमधून फिरली, आणि सगळ्यांनी ती फार मन लावून हुंगली. परत आली तेव्हा साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि खिशात टाकली. पानाचं एक मोठं चित्रही त्यांनी दाखवलं. ते झेंडूच्या पानासारखं दिसत होतं, त्यामुळे आमच्या वाडीत त्या आठवड्यात बरीच रोपं उपटली गेली. दिवाळीला तोरणं कमी पडली.

मग त्यांनी खुणा सांगितल्या. डोळे लाल होणं. अवेळी भूक लागणं. कारण नसताना हसणं. घराबाहेर जास्त वेळ राहणं, आणि घरच्यांशी बोलणं कमी होणं.

माझ्या मुलाला सगळ्या लागू होत्या. फक्त त्या आमच्या घरात दिसत नसत. त्याची भूक, त्याचं हसणं आणि त्याचा वेळ, तिन्ही गोष्टी शेजारच्या घरात राहायला गेल्या होत्या.

शेजारचं घर म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं. दोन भावांची दोन घरं, मध्ये एकच अंगण, अंगणात एक आंबा. माझे यजमान रेडीला, खनिज बोटीत भरतात त्या ठिकाणी कारकून होते आणि शनिवारी घरी येत. धाकटे दीर आपल्या होडीतून पर्यटकांना किल्ला आणि डॉल्फिन दाखवत. जावेला एकच मुलगा, आमच्याहून वर्षाने मोठा. तो पणजीला हॉटेलच्या कामाचं शिक्षण घेत होता. त्यामुळे तिचं ताट, तिची सकाळ आणि तिची बडबड सगळी रिकामी पडली होती, आणि माझा मुलगा अगदी अलगद त्या जागेत जाऊन बसला होता.

मी हायस्कुलात मराठी शिकवते. प्रश्न विचारणं हा माझा व्यवसाय आहे, आणि उत्तरं मला पूर्ण वाक्यात लागतात. घरात मी प्रमाण भाषा ठेवली होती. मुलगा माझ्याशी नीटनेटकं, छापल्यासारखं बोले आणि अंगण ओलांडलं की, 'काकी, काय केलंस गो जेवक?' असं ओरडे. त्या आरोळीला जी चव होती ती माझ्याशी बोललेल्या एकाही वाक्याला नव्हती. त्यात मी नांदगावकडची. आमच्या माहेरी भात आणि काजू; मासा बाजाराच्या दिवशी यायचा आणि येईपर्यंत दमलेला असायचा. मासा कापायला मी लग्नानंतर शिकले. अजूनही तो विळीवर माझ्याकडे जरा संशयाने पाहतो. जावेच्या हातात तो स्वतःहून उघडतो.

मेळाव्याहून आल्यावर मी मुलाचे शर्ट हुंगायला सुरुवात केली. तालुक्यातल्या सगळ्या आया त्या आठवड्यात हेच करत होत्या. दोरीवरचे, खुंटीवरचे, दप्तरात कोंबलेले, सगळे शर्ट मी नाकाला लावले. जळक्या सुंभाचा वास आला. आमच्याकडे पाणी तापवायला विजेची कॉईल होती, आणि स्वयंपाक गॅसवर. म्हणजे हा धूर आमचा नव्हता. मग मी तोच शर्ट घेऊन अंगणात आले, तर जावेच्या न्हाणीच्या कौलांतून तोच वास वर चालला होता. रविवारी तो काकाबरोबर होडीवर जाई आणि अंगाचं खारं पाणी तिथेच धुऊन येई. आधी एकदा, गणपतीत, त्याचा एक शर्ट तिथून धुऊन, घडी करून, गादीखाली दाबल्यासारखा सरळ होऊन आला होता, आणि माझ्या मुलाचे कपडे दुसऱ्या बाईने का धुवावेत यावर मी दोन दिवस धुमसत होते.

शर्टाला गांजाचा वास नव्हता, जावेच्या न्हाणीचा होता. यातलं कुठलं बरं, याचा विचार मी तेव्हा केला नाही. केला असता तर उत्तर शोभलं नसतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी मी कपडे काढायला म्हणून अंगणात गेले. जावेच्या मागच्या पडवीत दोघं हसत होती. मी कोपऱ्यावरून वळले आणि हसणं बंद पडलं. मुलगा म्हणाला, "आई, मी अभ्यासाला जातो," आणि गेला. इतक्या सद्गुणी वाक्यावर कुठल्या आईला आक्षेप घेता येईल?

जाऊ बांगडे साफ करत होती.

"एवढं काय हसत होतात?" मी विचारलं.

"अशाच गो वयनी, काय्येक नाय."

"त्याचं काय चाललंय, तुला काही माहीत आहे?"

"कोणाचा?"

"कोणाचं म्हणजे? माझ्या मुलाचं."

तिने एका बांगड्याचं पोट फाडलं, आतलं सगळं अंगठ्याने बाहेर काढलं आणि मांजरासमोर टाकलं. "तेकाच इचारा ना."

"मी तुला विचारतेय."

"वयनी, तुमी बोंबलूचा नाय. मगे सांगतंय." तिने हात धुतले. त्यामुळेच मला भीती वाटली. बोलण्यासाठी हात धुणारी ती बाई नव्हती. "ओढल्यान तेना. दोन-तीन खेपे. त्या सुरूच्या बनात, गोंयच्या पोरग्यांवांगडा."

मग मी जे विचारलं ते मला आजही नीट आठवतं, कारण चांगल्या आईने विचारायचा तो प्रश्नच नव्हता. किती ओढला, कसा, आता काय करायचं, यातलं काहीच मी विचारलं नाही.

"तुला कधी सांगितलं त्यानं?"

"गणपतीत."

गणपती, नवरात्र, दिवाळी. मोदकांपासून करंज्यांपर्यंत मी केलेलं सगळं त्याने माझ्यासमोर बसून खाल्लं होतं, आणि सांगायचं जे होतं ते आधीच अंगण ओलांडून गेलं होतं.

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगू नुको म्हटल्यान. ह्यांच्या व्होडयेत उलटी केल्यान, पांढरोफटक पडलो. शर्ट मिया धुतलंय, सोलकडी दिलंय. आणि बजावलंय, परत केलस तर वयनीक सांगतंय! त्या भियानच सोडल्यान तेना."

मुलांना जेववण्यासाठी बागुलबुवा दाखवतात. बागुलबुवाला कोणी जेवायला वाढत नाही, त्याच्याशी कोणी गप्पा मारत नाही, पण त्याच्याशिवाय घर चालत नाही. जावेच्या घरी माझी नेमणूक त्या जागेवर झाली होती आणि मला न विचारता मी ते काम यशस्वीपणे करत होते. मुलाने गांजा सोडला होता तो माझ्यामुळे. मी मात्र त्या प्रसंगात कुठेच नव्हते.

मी ठरवलं, आपण विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगायचं. तिला आपणहून सांगितलं, तर मलाही आपणहूनच सांगायला हवं. विचारून मिळालेलं घ्यायला मी तिच्याहून कमी नव्हते. मी त्याला संधी द्यायला लागले. जेवताना वर्तमानपत्रातल्या व्यसनमुक्तीच्या बातम्या मोठ्याने वाचल्या. त्याने मीठ मागितलं. मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. तिरफळं जरा जास्त झाली. तो म्हणाला, "छान झालंय, आई." पाहुण्याच्या घरी म्हणतात तसं म्हणाला, आणि संध्याकाळी पलीकडे जाऊन पुन्हा जेवला.

शनिवारी यजमान आले. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला शेवटपर्यंत बोलू दिलं. बोटीत माती पडताना वर्षानुवर्षं पाहिल्यामुळे कुठलीही गोष्ट पूर्ण भरेपर्यंत थांबायची त्यांना सवय होती.

"कोणाक सांगल्यान?" त्यांनी विचारलं.

"तुमच्या भावजयीला."

"मगे बरां," ते म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्याचं मला दिसलं. माझ्यावर ते होतं तसंच राहिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "जत्रा इली आसा. गाऱ्हाणा घाल."

बाहेरच्या माणसाला हे सांगायला हवं. आमच्याकडे देव मनातलं ओळखतो यावर कोणी विसंबून राहत नाही. देवळात, चारचौघांत, गावातला मानाचा माणूस देवासमोर उभा राहून तुमची अडचण खणखणीत आवाजात मांडतो, आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतो. दरखास्त देवाकडे, आणि अनुमोदन गावाचं. नोकरीसाठी, सोयरिकीसाठी, हरवलेल्या म्हशीसाठी गाऱ्हाणी घालतात. देवळातल्या थाटामाटावर मी यजमानांना खूप काही ऐकवलेलं होतं. तरी या वेळी मी गेले, आणि त्यामागे भक्ती नव्हती. आपल्या मुलाविषयी निदान देवाला तरी आपण जावेच्या आधी सांगावं, एवढंच मला हवं होतं. तिने त्यालाही आधीच सांगून ठेवलं असेल अशी शंका होती, पण ती मी बाजूला ठेवली.

गाऱ्हाणं घालणारे आजोबा जत्रेच्या दिवशी सकाळपासून कोणाशी साधं बोलत नसत. आवाज राखून ठेवत. कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर नवा पंचा, आणि चालताना मागे दोन माणसं. दुपारी ओटी भरायच्या रांगेतून बाहेर पडून मी त्यांना एका बाजूला गाठलं.

"आजोबा, मुलाचं नाव घ्यायचं नाही."

"नाव नाय."

"आणि ती वस्तू कोणती, तेही तोंडातून काढायचं नाही."

"खंयची वस्तू?"

सांगावं लागलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. औषधाची बाटली हलवून पाहावी तसं मान हलवून म्हणाले, "बाय, माका शिकवू नुको. तुझ्या घोवाच्या बारशाचा गाऱ्हाणा मिया घातलेलंय. नाव नाय, वस्तू नाय. देवाक कळतला, लोकांक कळूचा नाय."

मी हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढे उभी राहिले. सभामंडप भरला होता. माझ्या मागे ओटीची रांग, रांगेत जाऊ, खांबाजवळ नारळ फोडायच्या कामावर कॉलेजची मुलं आणि त्यांच्यात माझा मुलगा. आईने गाऱ्हाणं घालायला घेतलंय, हे त्याला तेव्हाच कळलं. त्याच्या हातातला नारळ वरच्या वर राहिला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या तुझा लेकरू तुझ्या दारात इला आसा. तेका पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"झिलाचा नाव घेवचा नाय असा तेचा म्हणणा आसा, म्हणान मिया नाव घेणंय नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे मला कळलं, की हे बरोबर चाललेलं नाही. पण गाऱ्हाणं मध्येच थांबवत नाहीत.

"दोन भावांचा एक अंगण, अंगणात आंब्याचा झाड, त्या अंगणातलो तो झील, शिकाक जाणारो, तेका वाईट पोरग्यांनी खाडयेपलीकडे नेल्यानी आणि जां ओढूचा नाय तां ओढूक लायल्यानी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

या वेळचा दुजोरा जरा सावकाश आला, कारण माना वळत होत्या. वस्तूचं नाव आजोबांनी खरोखरच घेतलं नव्हतं. शब्दाचे पक्के होते. गावात भावांची एकत्र अंगणं पुष्कळ होती, पण मध्ये आंबा आणि शिकणारा मुलगा म्हटल्यावर शोधायला कोणाला लांब जावं लागणार नव्हतं. मी पुढे पाहत राहिले.

आणि मागून जावेचा आवाज आला. मासळीबाजारात पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असा.

"आजानू, थांबा वायच! तो माझो झील. पणजेक शिकता तो. घाला, तेच्या नावान घाला गाऱ्हाणा!"

सगळं देऊळ तिच्याकडे वळलं. तिचा मुलगा पणजीला, सुपारीचं खांडही न खाणारा. अंगण तेच, आंबा तोच, शिकायला जाणारा तोही. एका वाक्यात तिने त्याला माझ्या मुलाच्या जागी उभं केलं होतं. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. "गप गो बाय, देव आसा." "एकुलतो एक, काय करतली ती!" आणि ती मान खाली घालून उभी होती, ताटात पाच खण नीट लावलेले.

माझ्यावर उपकार झाले होते. कोणीही शहाणी बाई त्या क्षणी गप्प राहिली असती आणि घरी गेल्यावर जावेच्या पाया पडली असती. पण मी खांबाकडे पाहिलं. माझा मुलगा तिच्याकडे बघत होता. त्याचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि डोळे भरले होते. त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. आता तो जन्मभर तिच्याकडे तसंच पाहणार होता. गुपित तिला मिळालं होतं, शर्ट तिने धुतला होता, आणि आता त्याची बदनामीसुद्धा ती उचलून घेऊन चालली होती. मला काही म्हणून ठेवणार नव्हती.

"नाय!" मी ओरडले. वर्गात मी इतक्या मोठ्याने कधी बोलले नसेन. "तिचो नाय! तो माझो झील! गांजा ओढल्यान तो माझ्या झिलान!"

आणि गावाने सवयीने, एका सुरात, म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

"वयनी, गप रवा!" जाऊ दात आवळून म्हणाली. "लोका आयकतत!"

"आयकू देत! तुझो काय संबंध? माझो झील आसा तो!"

"मिया तुमच्यासाठीच सांगतंय मा!"

"माका नको!"

आजोबांनी आयुष्यात बरीच गाऱ्हाणी घातली होती, पण गांजा ओढणाऱ्या पोरासाठी दोन आया भांडताना त्यांनी पाहिल्या नसाव्यात. तरी ते डगमगले नाहीत. त्यांनी पंचा सावरला, हात जोडले आणि आवाज चढवला. "बा देवा म्हाराजा! ज्या कोणाचो तो झील आसात, तेका चांगली बुद्धी दे, आणि ह्या दोघींचो झगडो मिटव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी फारच मनापासून.

मुलगा खांबाजवळ नव्हता. मी ताट कोणाच्या तरी हातात दिलं आणि देवळामागे गेले. तो तळीच्या पायरीवर बसला होता, पाण्यात पाय सोडून. मी एक पायरी सोडून वर बसले. जत्रेतल्या पिपाण्यांचा आवाज तिथेही येत होता.

"आता मी कॉलेजात जाऊ कसा?" तो पाण्याकडे बघत म्हणाला.

"एसटीने. नेहमीसारखा."

मी न विचारण्याचं ठरवलं होतं, पण ते ठरवणं देवळात मोडून पडलं होतं.

"काकीला सांगितलंस. मला का नाही?"

त्याने पायाने पाणी ढवळलं. "काकीनं विचारलं, कसं लागतं म्हणून. तू विचारलं असतंस, का."

हे खरं होतं. 'का' हा माझ्या धंद्यातला पहिला प्रश्न. त्याखाली दोन रेघा मारलेल्या असतात आणि उत्तराला गुण असतात. आणि ती बाई, तिला मात्र कुतूहल वाटलं होतं. नव्या माशाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं होतं.

फार जड गेलं, पण विचारलं. "कसं लागतं?"

त्याने पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतेय का, हे तो तपासत होता.

"जळक्या सुंभासारखं," तो म्हणाला.

"ते साहेबांनी सांगितलं होतं. शाल पांघरून."

तो हसला. पलीकडच्या पडवीतून मला ऐकू यायचं ते हसणं. इतक्या जवळून ते मी खूप दिवसांनी ऐकत होते. साहेबांच्या यादीतली ती खूण होती, कारण नसताना हसणं, आणि ती मला लागू व्हायला लागली.

मग तो बोलला. पहिल्या वेळी नुसता खोकला आला आणि बाकीच्यांना आपण कच्चे वाटू नये म्हणून आपल्याला काहीतरी झाल्याचं सोंग त्याने केलं. दुसऱ्या वेळी खरंच काहीतरी झालं आणि ते कोणालाच आवडण्यासारखं नव्हतं. शेवटच्या वेळी सकाळी काकाच्या होडीत बसल्यावर किनारा लांब लांब चाललाय आणि आपण परत येणारच नाही, असं त्याला वाटत राहिलं. समोर पर्यटक डॉल्फिन बघून टाळ्या वाजवत होते. हे सगळं जावेला ठाऊक होतं, तेही मला कळलं, कारण सांगताना त्याची वाक्यं वापरलेली, घासून गुळगुळीत झालेली होती. मी तरी ती ऐकली. आणि मग तो थांबला, पाण्यातला पाय वर घेतला, आणि त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ती सांगताना तो अडखळत होता. एकही वाक्य पूर्ण होत नव्हतं. मी एकही पूर्ण करून घेतलं नाही. शेवटी म्हणाला, "ह्यां काकीक म्हायत नाय."

आम्ही बराच वेळ बसलो. जत्रेतून आम्हांला शोधायला कोणी आलं नाही. गावाला तेवढी समज असते, किंवा बोलायला पुरेसा विषय मिळालेला असतो.

गावाने तो प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. दोघी आपापला झील म्हणून सांगतायत तर दोघंही ओढत असणार, असं ठरलं. पणजीहून जावेच्या मुलाने बूथवरून फोन केला. आपण नेमकं काय केलंय हे त्याला विचारायचं होतं, कारण गावाकडच्या मित्रांनी त्याला धीर दिला होता. जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. अंगणात समोर आली की आंब्याशी बोले. "लोकांसाठी करूचा आणि लोकांनी आपलाच तोंड काळा करूचा," असं ती त्या झाडाला सांगे. झाडाने काय उत्तर द्यावं? माझा मुलगा तरी तिच्याकडे जेवायला जातच होता. आधीपेक्षा जरा जास्तच, कारण तिच्या मुलाचं नाव त्याच्यासाठी खराब झालं होतं. ते मी पाहत होते. त्यातलं काही कमी झालं नाही, आणि झालं असं मी म्हणणारही नाही.

मग एका संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. हातात वाटी, वाटीत सोलकडी.

"तेका आवडता म्हणान," ती म्हणाली.

"ठेव."

ठेवून ती गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "वयनी, त्या दिवशी तळयेर लय येळ बसलास तुमी दोघा."

"हं."

"काय म्हणालो तो?"

"काही नाही."

"काय्येक नाय कसा? येवढो येळ?"

"अभ्यासाचं बोलत होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मला ओळखीची होती. कोपऱ्यावरून वळलं आणि आतलं हसणं बंद पडलं की माणसाच्या चेहऱ्यावर ती येते. मी ती महिनोन् महिने घालून हिंडले होते. आता ती तिच्या अंगावर होती, आणि तिला ती माझ्यापेक्षा बरी बसत होती, हेही मला दिसलं.

"माका सांगतलो तो," ती शेवटी म्हणाली. "सांगल्याशिवाय रवाचो नाय."

"विचार त्याला," मी म्हटलं, आणि वाटी उचलून झाकण घातलं.

त्याने सांगितलं नाही. मला ठाऊक आहे, कारण ती पुढेही मला विचारत राहिली, कधी सणाला, कधी मासे देताना, कधी उगाच. मी काही सांगितलं नाही. इथेही लिहीत नाही. हे छापून आलं की तिची सून तिला ते वाचून दाखवणारच.